डबकेवाली आत्या

आत्याला राग आला की ती पाण्यात जाऊन उभी राहायची. भांडण नाही, आदळआपट नाही, भांड्यांचे आवाज नाहीत. लुगडं वर खोचायचं, शेताच्या खालच्या अंगाला असलेल्या डबक्यात उतरायचं आणि राग निवेपर्यंत घराकडे पाठ करून उभं राहायचं. तिच्या रागाचं माप अख्ख्या गावाला ठाऊक होतं. घोट्याइतक्या पाण्यात असली तर घरातलंच काही बिनसलंय, म्हणजे माझ्या सासूबाई आणि ती, नणंद-भावजयीचं नेहमीचं. गुडघाभर असली तर पाटाच्या पाण्याच्या पाळीत कुणीतरी लबाडी केली. कमरेइतक्या पाण्यात लोकांनी तिला एकदाच पाहिलं. तो मान माझा आहे. आता सत्तरी ओलांडल्यावर सांगायला लाजायचं कशाला?

आत्या म्हणजे माझ्या सासऱ्यांची धाकटी बहीण. हमरस्त्यावरच्या खांब गावाहून आत, रोह्याच्या बाजूला आमचं गाव. लग्नानंतर चार वर्षांत नवरा गेला, मूलबाळ नव्हतं, म्हणून ती भावाकडे परत आली. भावानं तिला पोटापाण्यासाठी आपलं सगळ्यात खालचं भाताचं खाचर दिलं, कारण ते दुसऱ्या कुणालाच नको होतं. त्याला लागून हे डबकं. वरच्या शेतांचं जास्तीचं पाणी तिथं येऊन थांबायचं. मधे खोल, कडेला उथळ. खोलात कुमुदिनी, उथळात देवभात, ओल्या बांधावर गेंद, सीतेची आसवं अशी रानफुलं. गाव तिला डबकेवाली आत्या म्हणे. तिला त्याचं काही वाटत नसे. "मोठ्या घरच्या बायकांना तरी कोण ओळखतं?" ती म्हणायची, "मला रोह्याच्या बाजारात हाक मारतात."

देवभात म्हणजे कुणी न पेरलेलं, कुणी न लावलेलं भात. आपलं आपण पाण्यात उगवतं. दाणा बारीक, लालसर, त्याला बोटाएवढं कुसळ, आणि स्वभाव असा की धड पिकायच्या आत गळून पडायचं. ऋषिपंचमीला आपण बायका बैलाच्या कष्टाचं खात नाही, त्या दिवशीचं हे भात. पूर्वी गावागावांत तळ्यांच्या कडेला ते असायचं. मग कुठं तळं खरवडलं, कुठं बुजवून मैदान केलं, कुठं पाटाचं पाणी आल्यावर उन्हाळी भातासाठी लोकांनी डबक्यांचीही खाचरं करून टाकली. मी लग्न होऊन आले तेव्हा आसपासच्या गावांत देवभात उरलं होतं ते आत्याच्या डबक्यात. लोकांना ती गंमत वाटे. आत्याला धास्ती वाटे. आपल्यामागं हे संपता कामा नये, एवढ्या एका गोष्टीसाठी ती जगली असं म्हटलं तरी चालेल.

आणि अशा बाईच्या घरात मी सून म्हणून आले.

माझं माहेर पेणकडचं, धरमतरच्या खाडीजवळ. वडिलांची खारजमीन, बांधाच्या अलीकडे भात, पलीकडे भरतीचं पाणी. मी एकोणीस वर्षांची, हाताला चपळ आणि जिभेला त्याहून चपळ. माझं प्रत्येक वाक्य "आमच्या पेणकडं" असं सुरू व्हायचं. आमच्या पेणकडं भाकरी अशी थापत नाहीत. आमच्या पेणकडं मासळीला एवढी चिंच घालत नाहीत. आमच्या पेणकडं सुनेला पहाटे उठवत नाहीत. हे शेवटचं खोटं होतं, पण खपून गेलं. आत्यानं आठ दिवस ऐकलं आणि माझं नाव ठेवलं पेणवाली. "काय गो पेणवाली, तुमच्याकडं सूर्य तरी आमच्याच बाजूनं उगवतो ना?" सगळे हसले. मी फुगून बसले. पुढं चाळीस-पंचेचाळीस वर्षं त्या घरात मला दुसऱ्या नावानं कुणी हाक मारली नाही.

माझा खरा तोरा होता बेणणीचा. भातातलं गवत काढायला बसले की माझ्या ओळीत दुसरीची सावली पडू देत नसे. माहेरी बायका म्हणायच्या, हिचे हात नाहीत, विळे आहेत. तेव्हा सासरच्या पहिल्याच श्रावणात काहीतरी करून दाखवायचं असं मी ठरवलं. पाऊस उघडला होता, घरातली माणसं वरच्या शेतात होती. मी एकटी खाली गेले. पाहते तर डबक्याच्या कडेला भातासारखंच काहीतरी वेडंवाकडं माजलेलं. ना ओळ, ना अंतर, बुंध्याला लाली. मला वाटलं, म्हातारीला बिचारीला झेपत नाही. (ती तेव्हा चाळिशीचीही नव्हती.) दुपारपर्यंत मी सगळी उथळ कड लख्ख साफ केली. उपटलेल्याच्या पेंढ्या बांधल्या आणि बांधावर उन्हात मुळं वर करून मांडून ठेवल्या, परत जीव धरू नये म्हणून. कामात मी अशी चोख.

घरी येऊन, पदराला हात पुसत, मी जाहीर केलं, "आत्याबाई, तुमचं डबकं साफ केलंय. आमच्या पेणकडं अशी घाण ठेवत नाहीत."

आत्या भाकरी खात होती. तिनं अर्धी भाकरी ताटात ठेवली, हात धुतला आणि गेली. मी मागोमाग, शाबासकीसाठी. तिनं पेंढ्यांकडे पाहिलं, एक उचलून मुळांना हात लावला. मुळं वाळून तारेसारखी झाली होती. मग ती डबक्यात उतरली. घोटे गेले, गुडघे गेले, कुमुदिनीची पानं बाजूला सारत ती मधोमध कमरेइतक्या पाण्यात जाऊन उभी राहिली. बांधावरून जाणारा एक जण थांबला, मग दुसरा. संध्याकाळ झाली तरी ती वळली नाही. मी बांधावर बसून रडत होते, आणि खरं सांगते, कशासाठी रडतेय ते मला कळलं नव्हतं. सासूबाईंनी येऊन सांगितलं तेव्हा कळलं.

पुढं आली ऋषिपंचमी. दरवर्षी त्या दिवशी सकाळी आत्याच्या पडवीत बायका वाट्या घेऊन यायच्या. आदल्या वर्षीचं देवभात ती मडक्यात राखून ठेवायची आणि मूठमूठ सगळ्यांना द्यायची. त्या वर्षी मडकं रिकामं होतं. त्यातला दाणा न् दाणा तिनं डबक्याच्या कडेला चिखलात दाबून टाकला होता. उगवेल की नाही, कुणास ठाऊक. मी दाराआड उभी. आता आत्या सगळ्यांसमोर माझं नाव घेणार आणि मला माहेरी पळून जावं लागणार, याची मी मनात तयारी केली होती. ट्रंकेत कुठलं लुगडं वर ठेवायचं तेही ठरलं होतं.

"आत्या, यंदा काय झालं गो?"

"गुरं पडली डबक्यात."

"कुणाची?"

"घरचीच. नवीन हाय, अजून वळण नाय."

बायका वरीचे तांदूळ शिजवायला निघून गेल्या. आत्या आत आली, माझ्याकडे न बघता म्हणाली, "उद्यापास्नं माझ्यासंगट यायचं." एवढंच. त्यावर ती कधी एक शब्द बोलली नाही आणि तिनं कुणाला सांगितलंही नाही. गावाला ते कळलं ते माझ्याच तोंडून, मी पन्नाशीची झाल्यावर.

तिची शिकवण्याची तऱ्हा विचित्र होती. पहिलं वर्षभर तिनं मला काहीही उपटू दिलं नाही. ती बेणायची आणि मी मागून चालायचं. खाचरात आत्याला अजिबात दया नव्हती. लोकांना वाटायचं, ही गवताला गोंजारणारी बाई, पण तिच्या खाचरात देवभाताचं एक रोप दिसलं तर ती मुळासकट काढायची. "भातात शिरलं की ते चोर," ती म्हणायची, "डबक्यात हाय तवर ते देव. माणसाचंबी तसंच असतं, घरात एक नि बाजारात एक." म्हणून तिची लावणी कायम दोरी धरून, सरळ ओळीत. ओळीबाहेर जे उभं, ते आपलं नव्हे. ओळीतलंही तपासायचं, पान खोडाला जिथं चिकटतं तिथली पांढरी जिभली पाहायची, देवभाताची लांब असते. हे ती मला बोटांनी चाचपून ओळखायला लावी, डोळे मिटून. मी चुकले की चिखलाचा गोळा पाठीवर बसायचा. नेम उत्तम होता.

डबक्यातही ती सगळ्यांना सारखी वागवत नसे. पाणकणीस आलं की ती कंबर कसून मागं लागायची, कारण ते एकदा पसरलं की दुसऱ्या कुणाला जागा ठेवत नाही. जलपर्णी दिसली तर उचलून थेट खतात. आणि खाचरात तण म्हणून निघालेली कुमुदिनी मात्र हातात घेऊन ती डबक्याकडे भिरकवायची, "जा माहेरी." एकदा मी विचारलं, "आत्याबाई, मला कधी जा म्हणणार माहेरी?" ती म्हणाली, "तुला परत धाडायला पेणवाल्यांनी काय घोडं मारलंय माझं?"

चिखलात दाबलेल्या तिच्या मुठी वाया गेल्या नाहीत. दुसऱ्या श्रावणात चिखलातून मोजकी रोपं वर आली. त्यांतलं एकही कणीस तिनं कुणाला घेऊ दिलं नाही, सगळं गळून चिखलात जाऊ दिलं. तिसऱ्या वर्षी कड पुन्हा हिरवी झाली आणि तिनं मला कणसं बांधायला शिकवलं. देवभात पिकायच्या आत गळतं, म्हणून आश्विनात दाणा दुधात असतानाच पाण्यात उतरून पाच-सहा कणसं एकत्र घ्यायची आणि जुन्या लुगड्याच्या काठाच्या चिंधीनं सैल बांधायची. मग गळलेला दाणा त्या जुडीतच अडकतो. पण सगळी बांधायची नाहीत. एक जुडी बांधली की शेजारची तशीच मोकळी सोडायची. बांधलेलं ऋषिपंचमीचं, सोडलेलं चिखलाचं आणि पाखरांचं. यात तिला हयगय चालत नसे. मी घाईत दोन शेजारच्या जुड्या बांधल्या तर ती मागून येऊन एक सोडायची आणि चिंधी माझ्या हातात परत ठेवायची.

पुढच्या ऋषिपंचमीला माझी आई आली होती. तिनं पहिला घास घेतला नि विचारलं, "कुठलं गो हे?" मी ताठ मानेनं म्हटलं, "आमच्याकडचं." पलीकडे आत्या वाढत होती. तिचा हात थांबला, आणि माझ्या पानात उगाचच एक वाढीव मूठ पडली.

डबक्याच्या खाली, आमच्या हद्दीपलीकडचं खाचर इब्राहिमचाचांचं. मुलगे कुवेतला, हे इथं एकटे शेती करत. एका वर्षी मळणीनंतर ते तावातावानं आमच्या अंगणात आले. हातात भाताची मूठ, तिच्यात लाल दाणे, कुसळवाले. गिरणीवाल्यानं नाक मुरडलं होतं.

"बाय, तुजं भात माज्या भाताशी सोयरीक जमवतंय. आमाला इचारल्याबिगर!"

आमच्या घरातले सगळे चाचांशी भांडायला उभे राहिले. अर्थात मी सर्वांत पुढे. आत्यानं हात वर करून आम्हाला गप्प केलं. तिनं ते दाणे तळहातावर घेऊन निरखले आणि म्हणाली, "चाचा, तुमची काय चूक नाय. माझंच पोर तुमच्या घरात शिरलंय. पुढच्या साली शिरलं तर मी माझ्या हातानं डबकं रिकामं करीन." माझं भांडण तिथंच संपलं. कारण तिचा शब्द म्हणजे शब्द, आणि देवभाताला कुंपण कसलं घालणार?

तिनं घातलं. मुरूडकडच्या कुणा बाईकडून ती जांभळ्या पानाच्या भाताचं बी घेऊन आली. डबकं आणि चाचांचं खाचर यांच्या मधे आपल्या जागेत तिनं त्याचा एक पट्टा लावला. हिरव्यागार शेतात तो पट्टा दुरून वांग्याच्या रंगाचा दिसे. डबक्यातलं एखादं रोप सुटून चाचांकडे निघालं तर वाटेत जांभळ्यात हिरवं उभं राही, आणि आंधळ्यालाही दिसे. शिवाय चाचांच्या बाजूची सगळी कणसं बांधायची, तिकडं एकही मोकळं सोडायचं नाही. पुढची सगळी वर्षं श्रावणात आत्या आणि चाचा हातात काठ्या घेऊन त्या पट्ट्यातून फेरी मारायचे. "ह्यो बग चोर." "कुठं? ते तुमच्या चष्म्यावरचं शेवाळ हाय, चाचा." लाल दाणा परत गिरणीत गेला नाही. त्या जांभळ्या पट्ट्याचा मला इतका गर्व होता की मी पाहुण्यांना चहाच्या आधी तो दाखवायला नेत असे.

आत्या ऐंशीच्या घरात पोचली तेव्हा खरं संकट आलं, आणि ते पुन्हा माझ्याच हातून. हमरस्ता रुंद होत होता, डोंगर फोडला जात होता, आणि निघालेली माती कुठं टाकायची म्हणून ट्रकवाले खोलगट जागा शोधत फिरत होते. नुसतं हो म्हणा, भराव घरपोच. आमचे हे धाटावच्या कंपनीतून नुकतेच रिटायर झाले होते. जमीन आता त्यांच्या नावावर होती. आणि मला स्लॅबचं घर हवं होतं. पुढं ग्रिल, वर टाकी, जिन्याला स्टीलचा कठडा. त्या कठड्याला टेकून मी केस वाळवतेय असं मी कितीदा मनात पाहिलं होतं. केस उरले होते थोडे, पण स्वप्नाला काय त्याचं? "डबकं बुजवू या," हे एका संध्याकाळी म्हणाले. मी म्हणाले, "बघा बाई, तुमचं तुम्ही." बायको असं म्हणते तेव्हा ते हो असतं, हे लग्नाला चाळीस वर्षं झालेल्या माणसाला कळतं.

दोन दिवसांनी सकाळी ट्रक आला आणि मागं मागं घेत बांधापर्यंत पोचला. चाचा काठी टेकत आले. "बुजवलंत तर ह्यातलं पानी काय आभाळात जाईल? माज्या खाचरात येईल, तुमच्या खाचरात येईल. पलीकडच्या वाडीत बुजवलं, लावणी दहा दिस पान्याखाली होती, कुजली. इसरलात?" हे म्हणाले, "गटार काढू." चाचा म्हणाले, "गटाराला तळ असतो, भावा, पोट नसतं."

आत्या बांधावर बसून होती. मला वाटलं, आता ही पाण्यात उतरणार. पण तिच्या गुडघ्यांत तेवढं बळ उरलं नव्हतं. ती माझ्याकडे वळली. तिला सगळं समजलं होतं; स्लॅब, ग्रिल, कठडा, सगळं. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. भीती होती. तिच्या चेहऱ्यावर ती मी पहिल्यांदाच पाहिली.

"पेणवाली," ती म्हणाली, "तू सांग. मी आता कोन?"

ट्रकवाल्यानं खटका ओढला. मागचा हौदा वर उठायला लागला.

"माती परत न्या," मी ओरडले.

"अगं, परवा तर तू..." हे म्हणाले.

"परवा मी येडी होते. आज नाही. हौदा खाली घ्या हो दादा! चहा पिऊन जा हवं तर, पण माती घेऊन जा."

त्यानं चहा घेतला आणि माती नेली. ह्यांनी दोन दिवस माझ्याशी अबोला धरला, आणि तिसऱ्या दिवशी भाजीत मीठ कमी म्हणून सोडला. घर आम्ही पुढं वरच्या अंगाला बांधलं, पत्र्याचं. केस वाळवायला बांध आहे.

त्या दिवसानंतर आत्याला एकच ध्यास लागला. "एकाच जागी हाय हे. मी डोळे मिटले, तू मिटलेस, की पुन्हा येईल कोनीतरी माती घेऊन. दुसरं घर पायजे त्याला." बरीच गावं विचारून झाली. कुठं तळंच नव्हतं, कुठं तळं होतं तर त्याला सिमेंटच्या भिंती. शेवटी मी भीत भीत म्हटलं की माझ्या माहेरी, खाडीच्या बांधाच्या आत, गोड्या पाण्याचं एक तळं अजून आहे. म्हातारीचे डोळे चमकले. "पेणवाल्यांकडं?" ती म्हणाली. "इतकी वर्षं ऐकतेय, बघू तरी एकदा."

वैशाखात डबक्याची कड भेगाळली होती. त्या चिखलाची ढेकळं आम्ही दोन घमेल्यांत भरली. मी म्हटलं, पिशवीत नुसतं भात नेऊ, हलकं पडेल. आत्या म्हणाली, "भात दिलं तर लोक शिजवतात. चिखल कोन शिजवत नाय." डॉक्टरांनी प्रवासाला नको म्हटलं होतं. ती टेम्पोत ड्रायव्हरशेजारी बसली, एक घमेलं मांडीवर, आणि नागोठण्यापर्यंत त्याला खड्डे कसे चुकवायचे ते शिकवत राहिली.

माहेरी माझ्या वहिनीनं पाहुणचाराची तयारी केली होती. आत्या चहालाही थांबली नाही. मुलीसाठी स्थळ बघायला आल्यासारखी तिनं तळ्याची चौकशी केली. म्हशी कुठं बसतात? कपडे कुठल्या काठाला धुतात? उधाणाचं खारं पाणी आत येतं का? "बांध फुटला तरच," वहिनी म्हणाली. आत्यानं ओंजळीत पाणी घेऊन चाखलं, तोंडात घोळवलं, थुंकलं, परत चाखलं. मग म्हणाली, "पानी बरं हाय. माणसं कशी हायत ते कळेल." म्हशींपासून लांबची, उथळ कड तिनं निवडली. वाकता येईना, म्हणून ओल्यात सरळ बसकण मारली आणि एकेक ढेकूळ हातानं फोडून पसरलं. मी पुढं झाले, तर मला म्हणाली, "ह्ये माझं मला करू दे. पुढचं तुला हायच."

परतीच्या वाटेवर मी इतक्या वर्षांचं मनातलं विचारलं. "आत्याबाई, घरात एवढी माणसं होती. डबकं तुम्ही माझ्याच हाती का दिलंत? मी तर उपटून टाकलं होतं."

"म्हणूनच," ती म्हणाली. "बाकीच्यांनी अजून उपटलं नाय. त्यांना म्हाईत नाय कसं वाटतं ते."

त्याच आषाढात आत्या गेली. लावणीचे दिवस, सगळे शेतात. माझ्याकडून तिनं ओळी सरळ आहेत ना ते विचारून घेतलं, कुशीवर वळली आणि झालं. इब्राहिमचाचा शेवटपर्यंत अंगणात उभे होते, काठीवर हनुवटी टेकून. "आता भांडू कुनाशी?" एवढंच म्हणाले. पेणच्या तळ्यात काय झालं ते आत्याला कळलं नाही, याचं मला फार वाईट वाटतं. अजून वाटतं.

श्रावणात वहिनीचा फोन आला. तळ्याच्या कडेला हिरवे कोंब दिसतायत, बुंध्याला लाली आहे. मी दुसऱ्या दिवशी पेणला पोचले. डोळे मिटले, पाण्यात बसले आणि बोटांनी जिभली चाचपली. लांब होती.

गेल्या काही वर्षांत आमच्याकडे विद्यापीठातली मुलं-मुली येऊ लागली आहेत. फोटो काढतात, पानं कागदात दाबून नेतात, देवभाताला मोठं लॅटिन नाव आहे म्हणतात. या भातात असे गुण आहेत की उद्याच्या वाणांना लागतील, असंही सांगतात. मी त्यांना जांभळा पट्टा दाखवते आणि आत्याबद्दल सांगते, थोडंच वाढवून, कारण तिच्याबद्दल वाढवून सांगायला फारशी जागा नाही हे मला ठाऊक आहे. त्यांच्यातल्या एकीनं विचारलं, "आजी, या बाई किती शिकलेल्या होत्या?" मी म्हटलं, "तिनं मला शिकवलं. आता तूच विचार कर."

मागच्या आश्विनात मी माहेरी गेले होते. तळ्याची ती कड आता पार वळणापर्यंत भरली आहे. कणसं बांधायला मी वहिनीला शिकवलं, तिनं गावाला. गावातल्या चार-पाच बाया पाण्यात उतरल्या होत्या, कमरेला चिंध्या खोचलेल्या, कणसं बांधत गप्पा चालल्या होत्या. वहिनी सोडली तर त्यांतल्या कुणीही आत्याला पाहिलेलं नाही. मलाही राहवेना. साडी वर घेऊन मी उतरले, दोन जुड्या बांधल्या, तिसरीला हात घातला, तेवढ्यात पलीकडून एक कोवळी सून, गावात नवीनच आलेली, मला ओळखत नसलेली, जोरात म्हणाली,

"ओ आजी, ती नाय बांधायची! ती चिखलाची हाय. तुमच्याकडं हे नसतं वाटतं?"

वहिनी तोंड उघडणार होती. मी तिला डोळ्यांनी दटावलं.

"नाही गो बाय," मी म्हटलं, "चुकलं माझं. दाखव कशी बांधतात."

तिनं दाखवलं. अगदी बरोबर दाखवलं, सैल गाठ, पाच कणसं, शेजारचं मोकळं. मी गुडघाभर पाण्यात उभी राहून गुमान शिकत होते.